लाल पान

आमच्या धाकट्याला कागदाचं वावडं. दुकान जुन्या सॉफ्टवेअरचं, म्हणजे लोकांनी वापरून विकलेल्या डिस्क आणि त्यांची जाडजूड माहितीपुस्तकं. उन्हाळ्यात त्याने सगळी पुस्तकं स्कॅन करून कॉम्प्युटरवर चढवली आणि कागद रद्दीत घातला. "दादा, दुकान कसं मोकळं झालं बघ!" झालं खरं. त्याच्याशी वाद घालायचं त्राण आता माझ्यात नाही.

काल शिंपीणबाई आल्या. कपड्यांचे नमुने आखायचा जुना प्रोग्राम त्यांनी आमच्याकडूनच नेला होता. आधी त्यांचे यजमान गेले, पाठोपाठ घरचा कॉम्प्युटर. यजमानांनी जन्मभर आखलेले नमुने तेवढे एका डिस्कवर उरले, आणि ते दुसऱ्या कशातच उघडत नाहीत.

"भाऊ, नव्या कॉम्प्युटरवर हा प्रोग्राम सुरूच होत नाही. कसला तरी आकडा मागतोय."

मला कळलं. चोरून नकला होऊ नयेत म्हणून तेव्हा पुस्तकाच्या शेवटी आकड्यांचं एक पान जोडायचे. गडद लाल कागद, त्यावर काळी छपाई. डोळ्यांना दिसायचं, झेरॉक्सला नाही. बाईंना प्रोग्राम देताना आकडा मीच घालून दिला होता, पुस्तक दुकानातच राहिलं होतं.

"आहे की आपल्याकडे!" धाकट्याने ऐटीत फाइल उघडली. शेवटचं पान काळंकुट्ट. त्याने ते मोठं केलं, तर काळं मोठं झालं. उजेड वाढवला, तर करडं झालं. मी कपाळाला हात लावला.

मग ओळखीच्या दुकानदारांना फोन केले. पुस्तक कोणाकडेच नव्हतं. फाइल मात्र प्रत्येकाकडे होती, आणि प्रत्येकाचं शेवटचं पान काळं. सगळ्यांनीच दुकानं मोकळी केलेली. उंटावरचे शहाणे काय एकट्या आमच्याच घरात जन्मतात?

"ताई, शोधतो मी," मी म्हणालो. माझा मलाच विश्वास नव्हता आणि त्यांना ते दिसत होतं. मला फार वाईट वाटलं.

"सगळ्या गिऱ्हाइकांची मापं त्यातच आहेत हो," बाई म्हणाल्या. "एखादा कागद द्या. आठवतंय का बघते."

धाकट्याने सगळे खण उघडले. शेवटी एका खोक्याचं झाकण फाडून दिलं.

बाईंनी त्यावर बाही काढायला घेतली. खालची रेघ सरळ आली. खांद्यापाशी, जिथे मुंढ्याचा गोल घ्यायचा, तिथे पेन्सिल थांबली. त्यांनी खोडलं, पुन्हा काढलं, पुन्हा खोडलं.

"इथून पुढे ते आखायचे," त्या म्हणाल्या. "मी नुसती कापायचे."