पाल्प्याची भाची

"अबे तुलाराम, तुह्यी भाची माह्या आटोत बसून राहिली बे! पाहून घे डोळे भरून!"

भोजराजने मुद्दाम हॉर्न वाजवत आपला ऑटो भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या नाक्यावरून काढला. मागच्या सीटवर सृजना होती, पांढऱ्या एप्रनमध्ये, मांडीवर बॅग घेऊन. तिने आपल्या रिकाम्या ऑटोला टेकलेल्या तुलारामकडे पाहिलं, हसल्यासारखं केलं आणि मान खाली घातली. झालं! तुलारामच्या तोंडातला तंबाखूचा खर्रा कडू झाला.

सृजना नेपाळची. पाल्पा नावाच्या डोंगरी जिल्ह्यातली. हायवेवरच्या नर्सिंग कॉलेजात शिकायला आली तेव्हा तिला मराठीचं ओ की ठो कळत नव्हतं. आणि आता? आता ती भाजीवालीला "काहून वो मावशी, इतके महाग?" असं दरडावते! कॉलेजची सगळीच पोरं ऑटोवाल्याला, चहावाल्याला, झेरॉक्सवाल्याला मामा म्हणतात. म्हणतात आणि उतरून जातात. सृजनाही म्हणायची. शेवटी एकदा तुलारामने तिला हसत हसत बजावलं, "बाई, मले मामा नको म्हणू. आमच्या झाडीपट्टीत भाची लहान का असेना, मामाच तिच्या पाया पडते. मले पडा लागन!"

"हमारे में भी तो वही है!" सृजना सीटवरून उडालीच. "नेपाळमध्ये पण मामाच भाचीच्या पाया पडते. मी तुमच्या पडली तं मलेच पाप लागन!"

आता तुलारामला बहीण नव्हती. सख्खी नाही, चुलत नाही, मानलेलीसुद्धा नाही. गावातल्या प्रत्येक लग्नात नवरीच्या मागे तिचा मामा छाती काढून उभा राहायचा, तेव्हा हा आपला मांडवाच्या खांबाला टेकून. पन्नाशी उलटली तरी मामा काही झाला नव्हता. त्याने तिथेच ऑटो बाजूला घेतला, खाली उतरला आणि भर हायवेवर, ट्रकवाले वळून वळून बघत असताना, त्या पोरीच्या कॅनव्हासच्या बुटांना हात लावून कपाळाला लावला. ऑटोतल्या तिच्या मैत्रिणी फिसकन हसल्या. सृजना नाही हसली. त्या दिवसापासून तिचं भाडं बंद. भाचीकडून भाडं घेतं का कोणी?

काही दिवस ती अशीच आली-गेली आणि मग एकाएकी भोजराजच्या ऑटोत बसायला लागली. आणि आता तर तिचं शिक्षणही संपलं होतं. उद्या ती जाणार होती.

"मीच लाजवलं तिले," संध्याकाळी तुलाराम बायकोला म्हणाला. "मैत्रिणीइच्यासमोर आटोवाला पाया पडते म्हणजे काय! तिचा बाप तिकडं मास्तर आहे. ते आता नर्स झाली. माह्यासारखा मामा तिले कायले पाहिजे?"

जमुनाबाई तांदूळ पाखडत होती. "विचारलं का तिले?"

"नाही."

"मंग! सोताच परीक्षा घेता अन् सोताच नापास होता. उद्या जा, विचारा. अन् रिकाम्या हातानं नका जाऊ जी." तिने सूप खाली ठेवलं आणि पेटीतून कोसा रेशमाचा दुपट्टा काढला. तिच्या माहेरी, आंधळगावला, विणलेला. कधी कोणाला दाखवायलासुद्धा बाहेर काढला नव्हता तिने.

दुसऱ्या दिवशी होस्टेलच्या गेटवर सृजनाचे वडील उभे होते. डोक्याला रंगीत ढाका टोपी, कणा ताठ, पायाशी बॅगांचा ढीग. त्यांना पाहून तुलारामने ऑटो थोडा अलीकडेच थांबवला. दुपट्टा त्याने सीटखाली सरकवला.

"वरठी स्टेशन जाना है जी?"

"कितना लोगे?"

"कुछ नहीं."

मास्तरांच्या भुवया टोपीपर्यंत गेल्या. परका मुलुख, तरणी पोर आणि फुकटचा ऑटो! "फोकट में क्यों? रहने दो, हम दूसरा देख लेंगे." आणि त्यांनी हात केला तो नेमका भोजराजला! भोजराजने ऑटो सुरूही केला. तुलाराम खांबासारखा उभा.

तेवढ्यात सृजना धावत आली. "बाबा, यही तो हैं! मामा!" आणि मग कमरेवर हात ठेवून ती तुलारामकडे वळली. "अन् तुम्ही! फुकट नेऊन राहिले रोज. पेट्रोल काय झाडाले लागते? मामाचं घर बुडवून मी नर्स होऊ? म्हणून मी त्यांच्या आटोत बसत होती!"

"म्हणजे... तुले लाज नाही वाटली माह्यी?"

"लाज? मी त्याच रात्री आईले फोन केला. म्हटलं, आई, तुले भंडाऱ्यात एक भाऊ भेटला!"

मास्तर एकदा मुलीकडे, एकदा तुलारामकडे बघत राहिले. मग त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "अच्छा! तो आप मेरे साले हुए!"

"घ्या!" भोजराजने इंजिन बंद करून कपाळावर हात मारला. "पोट्टी शिकाले आली अन् सोयरीक करून चालली!"

तुलारामने दुपट्टा काढला, सृजनाच्या खांद्यावर घातला आणि वाकला. ती ताठ उभी राहिली. तिने पाय मागे घेतले नाहीत.

मागची सीट सृजनाने आणि बॅगांनी भरून गेली. मास्तरांना जागा कुठे? "जावई मागं नाही बसत, जी," म्हणत तुलाराम सरकला आणि मास्तर त्याच्या शेजारी, ड्रायव्हरच्याच सीटवर, अर्धे आत अर्धे बाहेर, एका हाताने टोपी धरून बसले. भंडाऱ्याचा अख्खा बाजार बघत राहिला. दोघांना एकमेकांची भाषा अर्धीमुर्धीच कळत होती, पण वरठीपर्यंत बोलणं काही थांबलं नाही.

गाडी आली. गेली.

दुपारी शहापूरच्या नाक्यावर तुलारामचा रिकामा ऑटो परत आला. भोजराज टोमणा मारायला पुढे झाला आणि त्याने ऑटोत पाहिलं. तुलाराम अजूनही सीटच्या एका कडेला दबून बसला होता, शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.