हडळ कितव्या थरावर?

"ताई, हडळीला दहीहंडीत कितव्या थरावर घेतात?"

कृतिकाने विचारलं आणि मैदानाच्या कडेला उभ्या रुचिता-सान्वी फिस्सकन हसल्या. हिंमत असेल तर विचार, अशी पैज त्यांनीच लावलेली. हडळ म्हणजे कृतिकाच, हे दिवा स्टेशनजवळच्या त्यांच्या शाळेत पहिलीतल्या पोरालाही ठाऊक होतं. तिचं डोकं फिरलं की वस्तू हवेत उठत. सातवीत रुचिताने तिचा डबा लपवला, तर अख्ख्या वर्गाचे डबे पंख्याला जाऊन टेकले आणि मग धाडकन खाली. कुणाची भेंडी कुणाच्या केसांत! तेव्हापासून येता-जाता 'पाय दाखव, उलटे आहेत का' चालूच.

आईने दृष्ट काढून काढून मोहरी संपवली. शेवटी ठरलं, गणपतीला गावी देवळात गाऱ्हाणं घालायचं, "हे जे काय पोरीच्या अंगात आहे, ते काढून घे रे महाराजा." कृतिकालाही वाटायचं, जाऊ दे एकदाचं.

मुलींच्या गोविंदा पथकाच्या शालनताईंनी तिला न्याहाळलं. "वय?"

"पंधरा पूर्ण."

"काडीएवढी आहेस. हडळ एकदम वर. आणि त्या खिदळतायत ना, तू दुसऱ्या थरात, तू खाली. खांदे बरे आहेत."

शालनताईंना नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. हसू तिथेच विरलं.

आठवड्याभराने तीन थर लागले. हेल्मेट घातलेली कृतिका रुचिताच्या खांद्यावर उभी राहते न राहते तोच खालून आवाज, "ए हडळ, उलट्या पायांनी तुडवू नको हां!"

झालं. कृतिकाची सटकली.

"ताई, वजनच लागत नाहीये!" खालून सान्वी ओरडली.

"कामचोर कुठल्या! पाय जमिनीवर रोवा!"

"जमीनच लागत नाहीये, ताई!"

अख्खा मनोरा वीतभर वर उठलेला. रुचिताने कृतिकाचा घोटा घट्ट धरला. "कृतिका," ती पहिल्यांदाच नावाने बोलली, "सोडू नको ना गं."

सोडायला काय मजा आली असती! पण उचललेलं अलगद खाली ठेवणं कृतिकाला कधी जमलंच नव्हतं. धाडकन पडलं, तर सगळ्याच पोरींची हाडं मोडणार. तिने डोळे मिटले, राग गिळला नाही, नुसता हातात धरला, आणि देव्हाऱ्यात समई ठेवावी तसा मनोरा खाली ठेवला.

शालनताईंनी जमिनीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "उद्या सहाला ये. आणि उडायचं तर सांगून उडायचं."

रुचिताने आपली पाण्याची बाटली पुढे केली. नळ कायम कोरडे असलेल्या दिव्यात पाणी कोणी उगाच देत नाही.

घरी बाबा मोबाईलवर गावाच्या गाडीची तिकिटं बघत होते. आई मुठीत मीठ-मोहरी घेऊन तयारच.

"आई, बाबा, ऐका. गणपतीला मी येणार, मोदक खाणार, आरतीत बेंबीच्या देठापासून ओरडणार. पण गाऱ्हाणं घालायचं नाही. अंगात आहे ते माझं आहे, ते राहणार. आणि त्याआधी टेंभी नाक्याच्या मोठ्या दहीहंडीला सगळ्यात वर मी असणार. आई, दृष्ट काढायचीच तर अख्ख्या पथकाची काढ!"