चार खांद्यांचा स्ट्रेचर

मित्रांनो, मी एक जुना स्ट्रेचर आहे. दोन बांबू, मधे जाड कॅनव्हास आणि चार टोकांना चार मुठी, एवढाच माझा संसार. सुरगाण्याच्या पुढे, गुजरातची हद्द जवळ येते तिथे डोंगरात मिशनचा एक छोटा दवाखाना आहे. त्याच्या मागच्या पडवीत मी बरीच वर्षं पडून होतो. कोंबड्या माझ्यावर बसायच्या, आणि नुसत्या बसून राहायच्या नाहीत. पण तक्रार कोणाकडे करणार? मला पाय नाहीत. उचललं तर जायचं, ठेवलं तर पडून राहायचं. सारा जन्म असा दुसऱ्यांच्या हातात गेला.

माझा जन्मच मुळी गैरसमजातून झाला. दवाखान्यात तेव्हा डॉक्टर हान नावाच्या बाई होत्या. समुद्र ओलांडून कोरियाहून आलेल्या. नाशिकला राहून त्या मराठी शिकल्या आणि मग इकडे डोंगरात आल्या. सगळे त्यांना हानबाई म्हणत.

आमच्याकडे पाड्यावरचा आजारी माणूस झोळीतून येतो. एका बांबूला गोधडी बांधायची, माणसाला तिच्यात घालायचं आणि दोघांनी बांबू खांद्यावर घेऊन डोंगर उतरायचा. पण झोळीत माणूस मुडपतो. मोडलेलं हाड आणखी मोडतं, अडलेल्या बाईचा जीव घुसमटतो. हानबाईंना ते बघवत नसे. लहानपणी त्यांनी आपल्या धर्मातली एक गोष्ट ऐकली होती. चार मित्र आपल्या लुळ्या मित्राला अंथरुणासकट उचलून बरं करणाऱ्याकडे नेतात, अशी. ती त्यांच्या मनात घर करून बसली होती. म्हणून त्यांनी चार मुठींचं चित्र काढलं आणि पलीकडच्या पाड्यावरच्या मंगळूला दिलं.

मंगळू बांबूकाम करणारा. त्याने चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. चौघांनी खांद्यावर घ्यायची वस्तू! त्याला वाटलं, बाईंना दवाखान्यासाठी पक्की तिरडी हवी आहे. दवाखाना म्हटला की कोणी ना कोणी जाणारच, आधीच तयारी करणारी बाई शहाणी दिसते, असं तो मनाशी म्हणाला. बिचाऱ्याने चांगले जून बांबू निवडले, मन लावून घासले, आणि असल्या कामाची मजुरी घेत नाहीत म्हणून काही मागितलंही नाही. हानबाई आपल्या त्याचे आभार मानतायत, मानतायत!

माझा पहिला पेशंट म्हणजे मोहाच्या झाडावरून पडलेला एक म्हातारा. त्याने मला पाहिलं मात्र, मोडका पाय ओढत मागे सरकायला लागला.

"ए, मी अजून जिता हाय! जित्या माणसाला चौघांच्या खांद्यावर घेता व्हय?"

हानबाईंना काही उमगेना. मंगळूने खाली मान घालून सांगितलं, "बाई, आमच्यात चौघं खांदा देत्यात ते मेल्यावर. मला वाटलं, तुम्हाला तेच पायजे."

हानबाई आधी खो खो हसल्या. मग म्हाताऱ्याचा चेहरा पाहून त्यांचं हसू मावळलं. त्या त्याच्याजवळ खाली बसल्या.

"माझं चुकलं, बाबा," त्या म्हणाल्या. "याला कधीच खांद्यावर घेणार नाही. हातात धरूनच नेऊ. मी शब्द देते."

तो शब्द पाड्यापाड्यांवर पोचला. तेव्हापासून मी सगळं जग माणसाच्या कमरेच्या उंचीवरून पाहिलं. सापाने चावलेले, कड्यावरून घसरलेले, तापाने बरळणारे असे कितीतरी जण मी वाहिले. हात भरून यायचे, माणसं पुन्हा पुन्हा मला टेकवायची, पण झोळीची आठवण हळूहळू कमी झाली. लोक म्हणायचे, "ते बांबूचं आणा." मला फार बरं वाटायचं. एवढी शाबासकी पुढे कधी मिळाली नाही.

निघण्याआधी हानबाई माझ्या कडेला हात ठेवून पेशंटला विचारायच्या, "प्रार्थना केली तर चालेल का?" कोणी हो म्हणायचं. कोणी तोंड फिरवायचं, मग त्या गप्प उभ्या राहायच्या. रविवारी दवाखान्याच्या ओट्यावर त्या येशूच्या गोष्टी सांगत. काही घरं तिथे बसू लागली, काहींना ते मुळीच रुचलं नाही, आणि त्यावरून पाड्यावर कुजबुजही झाली. त्यांच्या देवाचं मला काही कळत नाही, बांबूला काय कळणार! मला त्यांचे हात कळायचे. हो म्हणणाऱ्याला आणि नाही म्हणणाऱ्याला ते सारखेच जपून उचलायचे.

मग तो दिवस आला. मंगळूच्याच पाड्यावरच्या भागीबाईची सून, हिरा, बाळंतपणात अडली. तिचा नवरा यादव द्राक्षांच्या छाटणीसाठी पिंपळगाव बसवंतला गेलेला. पाड्यावरचे सगळे कर्ते पुरुष तिकडेच. परतीचा पाऊस कोसळत होता. हानबाई आणि दवाखान्याची जीप चालवणारा वाळू मला घेऊन पाड्यावर पोचले. जाताना वाटेतल्या ओहोळाला गुडघाभर पाणी होतं. जीप अलीकडे ठेवली होती.

हिराला माझ्यावर निजवलं. उचलायला माणसं कोण? वाळू आणि म्हातारा होत चाललेला मंगळू, एवढेच दोघे पुरुष. उरलेली दोन टोकं हानबाईंनी आणि भागीबाईने धरली. घसरत, थांबत आम्ही ओहोळापाशी आलो. वर डोंगरात पाऊस झाला होता. पाणी कमरेच्या वर चढलं होतं.

"खांद्यावर घ्या," मंगळू म्हणाला. "न्हायतर पोरगी पाण्यात जाईल."

"नाय!" भागीबाई ओरडली. तिने आपलं टोक खाली टेकवलं. "माझी सून जिती हाय. बाई, तू शब्द दिला हुता."

हानबाईंनी खरंच शब्द दिला होता. तो मोडून हिराला उचललं आणि पलीकडे काही बरंवाईट झालं, तर या डोंगरात पुन्हा कोणी त्यांच्या दारात येणार नव्हतं. आणि न उचलावं, तर ही पोर इथेच जाणार होती.

"हो आजी, दिला होता," त्या म्हणाल्या. "पण थांबलो तर ती वाचणार नाही. तुम्ही सांगा, मी काय करू?"

"तुझ्या देवाला सांग पाणी उतरवायला!"

"सांगते आहे," हानबाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. "मघापासून तेच सांगते आहे."

पाणी काही उतरलं नाही. हिरा माझ्यावर तळमळत होती, तिच्या मुठी माझ्या कडा आवळत होत्या. मला ओरडावंसं वाटत होतं, अरे उचला रे, कसंही उचला! पण मी पडलो लाकूडफाट्याच्या जातीचा. चौघं माणसं काठावर उभी, आणि मी त्यांच्या पायाशी.

हिरा कण्हत म्हणाली, "आत्याबाई, मला घरी तरी न्या."

भागीबाईने सुनेकडे पाहिलं. मग हानबाईंकडे, मग स्वतःच्या हातांकडे. कितीतरी वेळ ती तशीच उभी होती. आणि एकदम तिने पदर कमरेला खोचला.

"मेल्याला बाई खांदा देती का रं मंगळू?"

"नाय. बाप्येच देत्यात."

"मंग झालं तर! मी दिला, ह्या बाईनं दिला, तर ही तिरडी हुईलच कशी? चल, उचल!"

मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा आणि शेवटचं चार खांद्यांवर चढलो. दोन खांदे उंच, दोन ठेंगणे. मी पार वाकडा झालो होतो, पण हिराला पाण्याचा थेंब लागला नाही.

हिरा वाचली. बाळ मात्र नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात जन्मलं ते रडलंच नाही. लगेच पाड्यावर बोभाटा झाला, जितेपणी खांद्यावर घेतलं म्हणून बाळ गेलं. भागीबाई त्या लोकांवर धावून जायची. "खांद्यानं नाय गेलं, काठावर म्या थांबवलं तवा गेलं!" म्हणायची आणि रडायची. तिने हानबाईंना विचारलंही, की खरं काय ते सांग. हानबाई म्हणाल्या, "मला माहीत नाही, आजी. खरंच माहीत नाही." मलाही माहीत नाही.

त्यानंतर मला कोणी मागितलं नाही. पुढे हानबाईंची इथे राहण्याची मुदतही संपली आणि ती काही वाढून मिळाली नाही. जाण्याच्या दिवशी त्या पडवीत आल्या, ओल्या फडक्याने मला पुसलं आणि वाळूला म्हणाल्या, "याला ऊन दाखवत जा." वाळूने काही दिवस दाखवलं. मग त्याला पिंपळगावला टेम्पोवर काम मिळालं. दवाखान्यात आता आठवड्यातून एकदा डॉक्टर येतात. पडवीचं कौल फुटलं, पाणी माझ्यावर ठिबकत राहिलं, आणि उरलंसुरलं उंदरांनी पाहिलं.

परवा सकाळी हिरा धावत आली, मागे मंगळू आणि दोघं पोरसवदा गडी. भागीबाई पडली होती, कमरेचं हाड मोडलं होतं. ओहोळावर अजून पूल नाहीच. लोकांनी झोळी बांधली, तर म्हातारी ऐकेना. "मला हानबाईच्या त्याच्यावर न्या," म्हणाली. "चौघं खांद्यावर घ्या. एक खांदा माझी हिरा देईल."

मी ते ऐकलं आणि मला किती आनंद झाला म्हणून सांगू! ज्या खांद्यासाठी लोकांनी मला टाकलं होतं, तोच खांदा आज कोणीतरी आपणहून मागत होतं. कोंबड्या हाकलल्या गेल्या. घाईघाईत मंगळूने माझे बांबू वाकवून पाहिले. ते शाबूत होते. कापड कोणी पाहिलं नाही.

मला पाड्यावर नेलं आणि भागीबाईला तिच्या अंगणात माझ्यावर ठेवलं. हिराने आपला कोपरा धरला. "उचला," ती म्हणाली, आणि वीतभर वर जातो न जातो तोच माझा कॅनव्हास मधोमध टर्रकन फाटला.

त्या म्हातारीला शेवटी झोळीतच घातलं, मोडक्या कमरेनिशी, मुडपून. तिचा आवाज ओहोळापर्यंत ऐकू येत होता. मी तिच्या अंगणात पडून ऐकत होतो. दुसरं काय करणार होतो?

मित्रांनो, तुमच्या गावात, शाळेत, दवाखान्यात माझ्यासारखं कोणी कोपऱ्यात पडलेलं असेल. त्याला अधूनमधून ऊन दाखवा. फाटलंय का, कुजलंय का, ते माणूस पडायच्या आधी बघा. मला फार काही लागत नव्हतं, चार हात कापड पुरलं असतं.

आभाळ भरून आलं होतं. झोळीमागे धावता धावता हिरा एकदाच वळली. शेजारणीला म्हणाली, "त्याला आत घ्या गं. भिजंल."