मी श्पिरोकाकांच्या खिशात पेटले

मित्रांनो, मी एक जळालेली बॅटरी आहे. तुमच्या अंगठ्याएवढी जाड, करंगळीहून जरा लांब. माझ्या अंगावर एके काळी हिरवा, गुळगुळीत कोट होता. आता त्याची राख झाली आहे आणि माझं डोकं फुटून उघडं पडलं आहे. एका भल्या माणसाची मांडी मी भाजली. ही गोष्ट तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

माझा जन्म इथून फार दूरच्या एका कारखान्यात झाला. धातूच्या पातळ पट्ट्यांची घट्ट गुंडाळी करून ती पोलादी नळकांड्यात बसवली, त्यात एक तिखट वासाचा द्रव ओतला, आणि तोंड बंद केलं. शेवटी एका यंत्राने मला हिरवा कोट चढवला. तो इतका पातळ होता की मला त्याची काही किंमतच वाटली नाही. पण मित्रांनो, माझं डोकं म्हणजे माझं एक टोक, आणि बाकी सगळं अंग म्हणजे दुसरं टोक. कोट फाटला आणि धातूचा एखादा तुकडा दोन्हींना एकदम टेकला, की माझ्यात साठवलेली सगळी ताकद एका क्षणात बाहेर पडायला धावते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

माझ्याबरोबर त्याच घटकेला जन्मलेली माझी एक जुळी बहीण होती. आम्ही दोघी एकाच खोक्यातून समुद्रकाठच्या स्प्लिट शहरात आलो. मासळी बाजाराच्या मागच्या गल्लीत नेवेन्काबाईंचं ई-सिगारेटचं छोटं दुकान आहे. बाई पूर्वी शाळेतली प्रयोगशाळा सांभाळायच्या. त्यामुळे गिऱ्हाईक कितीही मोठं असलं तरी त्या त्याच्याशी सातवीतल्या मुलाशी बोलावं तशाच बोलत.

एका सकाळी बाहीला पीठ लागलेली एक तरुणी दुकानात आली. तिचं नाव झोराना. ती बेकरीत कामाला होती. तिचे वडील बेटावर एकटे राहत, आणि चाळीस वर्षं रोज दोन पाकिटं सिगारेटी ओढून त्यांची छाती भात्यासारखी वाजत होती. डॉक्टरांनी शेवटचं बजावलं होतं. निदान सिगारेट तरी सुटावी म्हणून ती धुराऐवजी वाफ ओढायचं, आम्हा दोघींवर चालणारं यंत्र न्यायला आली होती. नेवेन्काबाईंनी आम्हा दोघींच्या अंगावर पेनाने एकेक ठिपका काढला.

"ह्या जुळ्या आहेत," त्या म्हणाल्या. "एकत्र वापरायच्या, एकत्र चार्ज करायच्या. एकीच्या जोडीला दुसरीच कुठली तरी घालायची नाही. चार्जर हाच. चार्ज करताना फरशीवर नाहीतर दगडी ओट्यावर ठेवायच्या. गादीवर नाही, उशीवर नाही. आपण जागं असायचं आणि नजर ठेवायची. उन्हात उभ्या गाडीत विसरायच्या नाहीत. पडल्या, भिजल्या, कोट फाटला, तर वापरायच्या नाहीत, माझ्याकडे आणायच्या. कोट मी फुकट बदलून देते. आणि ही डबी. यंत्रातून बाहेर काढल्या की ह्या डबीत. खिशात सुट्या कधीही नाही. ऐकताय ना?"

"अहो, माझे बाबा चाळीस वर्षं धक्क्यावर बोटीचे दोर झेलतायत," झोराना हसून म्हणाली. "एवढं त्यांना समजेल."

"समजतं सगळ्यांनाच," बाई म्हणाल्या. "वेळेवर आठवत नाही."

अशी मी बेटावर, श्पिरोकाकांच्या घरी आले. काका उंच आणि रुंद होते. त्यांच्या हातांना दोरांनी पाडलेले घट्टे होते. मोटारी घेऊन येणारी मोठी बोट धक्क्याला लागली की खलाशी वरून जाड दोर फेकत. काका तो झेलत आणि त्याचा फास लोखंडी खुंटावर चढवत. चाळीस वर्षांत दोर एकदाही हातातून निसटला नाही, हे ते भेटेल त्याला सांगत. गोदामाच्या किल्ल्याही त्यांच्याकडेच असत. सात किल्ल्यांचा तो जडशीळ जुडगा त्यांच्या उजव्या खिशात खुळखुळत असे.

पहिली दोन वर्षं आमची मोठ्या मानाची गेली. सकाळची बोट गेली की काका घरी येत, आम्हाला चार्जरमध्ये घालत आणि चार्जर स्वयंपाकघरातल्या दगडी ओट्यावर ठेवत. मग तारली मासे साफ करत तिथेच बसून राहत. हिरवा दिवा लागला की आम्हाला काढत. त्यांची छाती वाजायची थांबली. टेकडीवरच्या चर्चपर्यंत ते न थांबता चढू लागले. "ह्या दोन पोरींनी मला उभं केलं," असं ते धक्क्यावरच्या तोंकामावशीला सांगत. मावशी तिथे मासे विकायला बसे. मला फार अभिमान वाटे. पण मित्रांनो, खरं सांगते, ती वाफही काही औषध नव्हे. सिगारेट काय आणि हे यंत्र काय, दोन्ही तुमच्या वाट्याला कधी येऊ नयेत.

माणसाला एखाद्या गोष्टीची सवय झाली की तिची भीती जाते. आमचंही तेच झालं. एकदा काकांचा गळांचा डबा समुद्रात पडला. त्यांना लहान, झाकण घट्ट बसणारं असं काहीतरी हवं होतं. त्यांनी आमची डबी घेतली आणि तिच्यात गळ भरून ठेवले. त्या दिवसापासून आम्ही कधी टेबलावर, कधी खिडकीत, कधी त्यांच्या कोटाच्या खिशात लोळू लागलो. मग एकदा मी यंत्रात अडकून बसले, तेव्हा त्यांनी मला मासे कापायच्या सुरीच्या टोकाने उचकून काढलं. माझ्या डोक्याजवळ हिरवा कोट नखभर फाटला. खाली धातू चमकला.

तोंकामावशीने ते पाहिलं. "श्पिरो, तुझ्या पोरीचं साल निघालंय बघ."

"माझ्या कोटालाही भोक आहे," काका म्हणाले. "म्हणून मला कोणी बदलायला नेतं का?"

"तुला कोण घेईल?" मावशी म्हणाली, आणि दोघं हसली. मीही मनात हसले.

सप्टेंबरातली ती सकाळ होती. दक्षिणेचा ओला वारा सुटला होता आणि लाटा धक्क्यावर चढत होत्या. आमची ताकद उतरत आली होती, पण संपली नव्हती. घरी जाऊन चार्जिंगला लावू, असं म्हणून काकांनी आम्हा दोघींना यंत्रातून काढलं. तेवढ्यात बोटीचा भोंगा झाला. काकांनी आम्हाला उजव्या खिशात टाकलं. तिथे किल्ल्या होत्या.

खलाशाने दोर फेकला. काका तो झेलायला वाकले. खिसा आवळला गेला, आणि गोदामाच्या किल्लीचा दांडा माझ्या डोक्यापासून फाटक्या कोटापर्यंत आडवा बसला.

मित्रांनो, पुढचं सांगताना मला अजून लाज वाटते. मला थांबता येईना. मी तापत गेले. किल्ली लाल झाली. काकांचा चेहरा पांढराफटक पडला, पण त्यांच्या हातात दोर होता आणि दुसऱ्या टोकाला लाटांवर हेलकावणारी, माणसांनी भरलेली बोट होती. त्यांनी दोर सोडला नाही. दात आवळून त्यांनी फास खुंटावर चढवला, ओढून पाहिला, आणि मगच ते ओरडले. त्याच क्षणी माझं डोकं फुटलं आणि मी त्यांच्या खिशात पेटले.

तोंकामावशीने कापडाला हात घालून खिसा टराटरा फाडला. मी, माझी बहीण आणि किल्ल्या दगडांवर पडलो. मावशीने धक्क्यावरचा नळ सोडला आणि काकांच्या मांडीवर गार पाण्याची धार धरली. काका ओरडत होते, "पुरे!" आणि ती म्हणत होती, "गप्प पड. वीस मिनिटं. हलायचं नाही." त्याच बोटीने त्यांना स्प्लिटच्या इस्पितळात नेलं.

तिथे डॉक्टरांनी विचारलं, हे कसं झालं. झोराना शेजारीच उभी होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आपोआप पेटली. खराब माल."

ते असं का बोलले, हे मला फार उशिरा कळलं. झोराना वर्षभर त्यांच्या मागे लागली होती, की बेट सोडा, माझ्या घरी या, एकटं राहायचं तुमचं वय नाही. आपण निष्काळजी वागलो असं एकदा कबूल केलं, की धक्क्यावरचं काम सुटणार, ही त्यांना धास्ती होती.

पण त्या चार शब्दांनी दुसऱ्याच कोणाचं घर जाळायला घेतलं. बोटीवरच्या माणसांनी गोष्ट शहरात नेली. नेवेन्काबाईंचं गिऱ्हाईक तुटलं. लोक वस्तू परत आणू लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाने आगीच्या भीतीने घरमालकाकडे तक्रार केली, आणि महिनाअखेर दुकान रिकामं करा, असा निरोप त्याने धाडला.

झोरानाने मला आणि माझ्या बहिणीला वाळू भरलेल्या काचेच्या बरणीत ठेवलं होतं. ती बरणी तिने एक दिवस बाईंच्या टेबलावर आदळली.

"हा बघा तुमचा माल! माझ्या बापाचा पाय गेला असता!"

बाईंनी मला चिमट्याने उचललं आणि दिव्याखाली धरलं. सुरीची जुनी चीर त्यांना दिसली. तिच्याशेजारी वितळलेला किल्लीचा वण दिसला.

"डबी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"कसली डबी?"

"मी दिली होती ती. वडिलांना विचारा, मुली. मला नंतर शिव्या द्या."

झोराना चरफडतच बेटावर गेली. काका इस्पितळातून घरी आले होते आणि पाय खुर्चीवर टेकून बसले होते. तिने माझी बरणी बाहेर, खिडकीच्या दगडावर ठेवली. मला आतलं सगळं दिसत होतं. तिने एकामागून एक खण उघडले. शेवटच्या खणात डबी सापडली. तिने ती टेबलावर उपडी केली. गळ खळकन सांडले.

चुलीवरच्या पातेल्यातलं पाणी उकळून खाली सांडू लागलं, तरी कोणी उठलं नाही.

"किल्ल्यांबरोबर होत्या?" अखेर तिने विचारलं.

"हो."

"आणि मी त्या बाईला तिच्याच दुकानात नको ते बोलले, बाबा. माझ्या तोंडाने."

काकांनी मान खाली घातली. "मला म्हातारा ठरवशील असं वाटलं गं," ते म्हणाले. "दोर काढून घेशील."

"म्हणून दुसऱ्याचं दुकान घ्यायचं?"

दुसऱ्या दिवशी काका काठी टेकत सकाळच्या बोटीत चढले. झोरानाने त्यांचा हात धरला होता आणि दुसऱ्या हातात बरणी. दुकानात घरमालक आला होता आणि दोन माणसं वस्तू परत करायला थांबली होती. काकांनी टोपी काढली.

"मी श्पिरो," ते म्हणाले. "ज्याचा पाय भाजला तो. बाईंनी मला सगळं सांगून पाठवलं होतं. डबीसुद्धा दिली होती. मी तिच्यात गळ भरले आणि बॅटऱ्या किल्ल्यांबरोबर खिशात टाकल्या. कोट फाटलेला दिसत होता, तरी बदलला नाही. माल चांगला होता. मी खोटं बोललो." मग घरमालकाकडे वळून म्हणाले, "वरच्या लोकांनाही मीच सांगतो. जिना दाखवा."

"काका, जिना उंच आहे," नेवेन्काबाई म्हणाल्या. "पाय..."

"चढतो की."

आणि ते चढले. एकेका पायरीवर थांबत, कठडा धरून, तिसऱ्या मजल्यापर्यंत. खाली सगळे त्यांच्या काठीचा आवाज ऐकत उभे होते. झोराना नेवेन्काबाईंपुढे उभी राहिली आणि रडू लागली. बाईंनी तिला खुर्ची दिली, पण "असू दे" म्हणाल्या नाहीत. "वाईट वाटलं मला," एवढंच म्हणाल्या. थोड्या वेळाने तिच्यासाठी कॉफी ठेवली.

दुकान राहिलं. पण सगळी गिऱ्हाइकं परत आली नाहीत. बोललेलं खोटं पूर्ण पुसता येत नाही, हे मी तिथे पाहिलं. काकांच्या मांडीवरचा वणही जाणार नाही.

काका खाली आले तेव्हा घामाने निथळत होते. आता मुलगी आपल्याला तिच्या घरी नेणार, असं धरूनच ते चालत होते. मान खाली घालून त्यांनी विचारलं, "तुझं घर इथून डावीकडे ना?"

झोरानाने त्यांची टोपी त्यांच्या डोक्यावर नीट बसवली. "बेटाची तीनची बोट आहे, बाबा," ती म्हणाली. "चला, चुकेल."

मित्रांनो, मी आता नेवेन्काबाईंच्या दुकानातच आहे. त्यांनी माझ्या आणि माझ्या बहिणीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली आणि जुन्या बॅटऱ्यांच्या पिंपात आम्हाला शेजारी शेजारी ठेवलं. बहिणीला खरचटलंही नव्हतं. पण त्या आगीच्या इतक्या जवळून गेलेली बॅटरी पुन्हा वापरायची नसते. आठवड्यात गाडी येईल आणि आमच्यातला धातू वेगळा करायला घेऊन जाईल.

जाण्याआधी एवढंच मागते. माझ्या जातीच्या बॅटऱ्या तुमच्या घरातल्या विजेरीत असतात, खेळण्यांत असतात. आम्हाला राग येत नाही आणि आम्ही वैरही धरत नाही. आमच्या पोटात फक्त ताकद असते, आणि ती कुठून बाहेर पडेल हे तुमच्या हातात असतं. आमचा कोट फाटलेला दिसला, अंग फुगलेलं दिसलं, तर हात न लावता घरच्या मोठ्यांना सांगा. आम्हाला गादीवर चार्जिंगला ठेवून कोणी झोपत असेल, तर त्यांना उठवा. आम्हाला कचऱ्यात टाकू नका, जुन्या बॅटऱ्या घेतात तिथे पोहोचवा. आणि एवढं सगळं करूनही कधी हातून चूक झालीच, तर ती पहिल्याच दिवशी सांगून टाका. श्पिरोकाकांना ती सांगायला पाच आठवडे लागले, आणि तेवढ्या दिवसांत माझ्या आगीपेक्षा त्यांच्या गप्प बसण्यानेच जास्त जळलं.