गुलाबराव काकांची बकरी

आमच्या 'शब्दांचा पार' या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उत्तर फोडायचं नसतं. सकाळी बुलढाण्याहून नूरजहां भाभी कोडं टाकतात, बांगड्यांचं दुकान उघडायच्या आधी. सुटलं की उत्तर फक्त त्यांनाच पाठवायचं आणि ग्रुपवर एक फूल ठेवायचं. गुलाबराव काकांनी पहिल्या दिवशी फुलाऐवजी चुकून बकरी ठेवली. सगळे हसले, तर काका अडून बसले, "आता बकरीच!" तेव्हापासून रोज आधी बकरी येते, मग फुलं.

माझं फूल शेवटचं. माझ्या लेकीला, यशूला, दात येताहेत. तिला एका हातानं धरायचं, दुसऱ्या हातानं कोडं सोडवायचं. पण कोण आलं, कोण नाही, यावर माझं बारीक लक्ष. बीबी गावचे शकूरभाई मला 'पोलीस पाटलीण' म्हणतात. त्याला कारण आहे. एकदा केसरबाईंचं फूल आलं नाही म्हणून मी सगळ्यांना फोन करायला लावले होते, आणि बाई भाचीच्या लग्नात दोन्ही हातांवर ओली मेंदी घेऊन बसलेल्या. ग्रुप आठवडाभर हसत होता.

त्या दिवशीचं कोडं असं होतं: 'सा, नो, का. नीट लावा. दाराआडून घेतात, पण हातात येत नाही.'

फुलं आली. माझंही आलं. बकरी नाही.

आदल्या संध्याकाळी काकांनीच लिहिलं होतं, 'उद्या फवारणी आहे. कोडं लवकर टाका भाभी.' बीटी कपाशी पेरली की फवारणीची कटकट कमी, असं सगळे म्हणत होते. यंदा बोंडात गुलाबी अळी निघाली आणि आमच्या मोताळ्यात जो तो पाठीवर पंप बांधून फिरतोय. काका शेतात एकटे असतात.

मी लिहिलं, 'काकांची बकरी कुठे आहे?'

शकूरभाई हजर. 'चरायले गेली असंल. पाटलीणबाई, आज कोनाच्या मेंदीवर धाड?'

खाली हसऱ्या तोंडांची रांग. मीही एक हसरं तोंड टाकलं आणि काकांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. तेच.

सासूबाई भाकरी थापता थापता बघत होत्या. "काय झालं वं? तोंड काऊन उतरलं?"

सांगितलं. म्हटलं, "गेले आणि काहीच नसलं तर पुन्हा हसतील सगळे."

"हसतीन तं हसतीन. दात पडून नाही राह्यले त्यायचे. पोरगी दे माह्यापाशी अन् निंघ."

स्कूटी काढली. वाटभर मनात नको ते सगळं येऊन गेलं. शेतात पोचले, तर काका निंबाखाली आरामात टेकून बसलेले, हातात फोन! हायसं वाटलं आणि लाजही. आता शकूरभाईंना काय सांगू?

"काका, बकरी काऊन नाही टाकली?"

"अवं माय, सुटूनच नाही राह्यलं! चष्मा घरी राह्यला. अक्षरं दिसत नाही. फोन वाजला तं बटनही नाही सापडलं. तूच वाच."

मी हसणारच होते. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

मग नीट पाहिलं. डोळे लालभडक. सावलीत बसूनही कपाळावरून घामाच्या धारा, फोन धरलेला हात थरथरतोय, तोंडाची लाळ बाहीनं पुसणं चाललंय. नाकाला बांधायचा रुमाल डोक्याला गुंडाळलेला.

"वारा फिरला जरासाक, फवारा अंगावर आला," काका म्हणाले. "बसलो का बरं वाटते."

"दवाखान्यात चला."

"कोडं सुटल्याबिगर मी हालत नाही."

"उत्तर मी सांगते!"

"खबरदार! नेम तोडतं?"

मी ग्रुपवर लिहिलं, 'काकांना फवारणीचं औषध लागलं आहे. मोताळ्यात ऑटो मिळेल का कोणाचा?' यावेळी कोणी हसलं नाही. शकूरभाईंचा फोनच आला, "अकरमले धाडलं. माह्या बहिनीचा पोरगा हाय. रस्त्यावर उभी राय." तोवर माठातल्या पाण्यानं काकांचे डोळे, हात धुतले, ओला सदरा काढायला लावला. शेतातल्या कोपीत टांगलेला दुसरा घातला.

ऑटो आला, पण काका उठेनात. "आधी वाच."

"सा, नो, का," मी वाचलं.

"अन् पुढची ओळ?"

"पुढची ओळ ऑटोत."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग अकरमचा खांदा धरून निमूट उठले.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत. दुपारपर्यंत तिथेच बसले असते तर अवघड होतं." सुई टोचली, सलाईन लावलं. मी स्टूल ओढून शेजारी बसले.

काका डोळे मिटून पुटपुटत होते, "दाराआडून घेतात... सानोका... नोकासा..." आणि एकदम ओरडले, "कानोसा!"

अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. नर्सबाई म्हणाल्या, "बाबा, सलाईन निघंल ना!"

"पाठवते भाभींना," मी म्हटलं. "बकरी मी टाकू?"

"माही बकरी मीच टाकन."

फोन पार नाकाशी नेऊन, डोळे किलकिले करत त्यांनी बोट दाबलं. ग्रुपवर टपोरा गुलाब उमटला.

क्षणात शकूरभाई: 'फूल?? पाटलीणबाई, डॉक्टरले सांगा, तब्येत लयच बिघडली!' नूरजहां भाभींनी लिहिलं, 'काका, आराम करो. कल बकरी नाही आली तं मीच येतो मोताळ्याले.'

दुसऱ्या दिवशी यशूच्या रडण्यानं जाग आली. उठल्याबरोबर फोन पाहिला. भाभींचं कोडं अजून यायचं होतं.

बकरी येऊन उभी होती.