वास नसलेली मूठ

मी एक जुनी, काळी मूठ आहे, कुकरची. गरम कुकर माझ्या जिवावर उचलला जातो, पण कौतुक होतं ते शिट्टीचं. असो.

मित्रांनो, माझा जन्म लातूरला जहांगीरचाचांच्या छोट्या कारखान्यात झाला. लाकडाच्या भुशात मिसळलेली राळ त्यांनी तापत्या साच्यात दाबली आणि मी घडले. एकदा घडले ती पुन्हा कधी वितळले नाही. पण घडताना असा उग्र वास सुटे की चाचांचे डोळे चुरचुरत आणि दम लागे. तरी ते नवी मूठ नाकाशी धरून म्हणत, "वास हाय म्हणजे माल अस्सल हाय."

मला त्यांनी घरच्याच कुकरला बसवलं. भूकंप झाला तेव्हा त्यांच्या पत्नी बानोचाचींनी त्याच कुकरात बेघरांसाठी तंबूत खिचडी शिजवली. तेव्हा मला फार धन्य वाटलं. पुढे शहरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले आणि चाचींनी मुलांसाठी खाणावळ काढली. दिवसभर आचेजवळ राहून मला तडा गेला, तो तार गुंडाळून झाकला. चाचांचा खोकला मात्र झाकण्यासारखा नव्हता. तो ऐकतच त्यांची मुलगी सबिहा रसायनशास्त्र शिकली.

एकदा ती प्रयोगशाळेतून नवी मूठ घेऊन आली.

"अब्बा, हे आच सोसणारं पॉलिमर हाय. कुकरसारख्या बंद भांड्यात, तापल्या पाण्यात बनवलंय. विषारी काहीच वापरलं न्हाई. आता तुम्ही हेच बनवा."

चाचांनी मूठ हुंगली. "वासच न्हाई. आगीपुढं टिकायची न्हाई, बेटा."

सबिहाचा चेहरा उतरला. चाचींनी माझा स्क्रू काढला, नवी मूठ बसवली आणि डाळीचा कुकर मोठ्या आचेवर चढवला. चाचा समोर बसून राहिले. शिट्ट्या झाल्यावर त्यांनी स्वतः ती मूठ धरून कुकर उतरवला. ती जराही मऊ पडली नव्हती.

त्यांनी ती पुन्हा नाकाशी नेली आणि खोल श्वास घेतला. खोकला आला नाही.

"ह्या नव्या मालासाठी साचा उद्या बघून घे," ते सबिहाला म्हणाले.

मी आता खिडकीत पडून असते. माझी जागा गेली याचं वाईट वाटत नाही. मित्रांनो, तुमचा हात भाजू नये म्हणून कोणीतरी आम्हाला घडवतं. त्याचा श्वासही तुम्ही जपा.