रविताच्या पुढची चाकोरी

रविता दहा वर्षांची होती तेव्हा राजदूत मोटारसायकलवर बसल्यावर तिचे पाय जमिनीला टेकत नसत. गाडी धुऱ्याला, म्हणजे शेतातल्या मातीच्या बांधाला, लावायची, धुऱ्यावर उभं राहून सीटवर चढायचं, आणि उतरतानाही आधी धुराच शोधायचा. १९९९ साल होतं. तिचा बाप दुधराम रहांगडाले तिरोड्याच्या राईस मिलमध्ये फिटर. भंगारात निघालेली ती राजदूत त्यानंच जोडून उभी केली होती. धान कापून झालं की बोदलकसा तलावाजवळच्या त्यांच्या बांध्या, धानाची छोटी छोटी शेतं, रिकाम्या पडायच्या. एका बांधीतून दुसरीत जायचं तर मध्ये धुरा. गावातली पोरं उतरून गाडी ढकलायची. रविता उडवायची.

तिची आई रुक्मा चुलीपाशी बसून आवाज ऐकायची. गाडी फाटकाशी यायची, इंजिन बंद व्हायचं, स्टँड खट्कन पडायचं. रुक्मा ताट वाढायची. पण आत कोणीच यायचं नाही. बाहेर जाऊन पाहावं तर अंगण रिकामं, फाटक लोटलेलं. कुत्रं मात्र उठून शेपूट हलवत उभं. ताटातला भात गार झाल्यावर रविता खरोखरची यायची, धुळीनं माखलेली. तोच आवाज, तेच स्टँड.

"तलावाच्या पाळीवर आपटून आवाज पहिले येते," दुधराम म्हणाला.

"आपटलेला आवाज मागून येते. पहिले कसा येन?"

दुधरामनं ताटात आणखी भात वाढून घेतला.

शेजारच्या सुशिलाबाईलाही तो ऐकू यायचा. "आली वाट्टे तुयी पोरगी!" ती भिंतीपलीकडून ओरडायची. सुरुवातीला रुक्मानं देवाला नारळ फोडला, पोरीची दृष्ट काढली. आवाज येतच राहिला. मग तिनं त्याची सोय करून घेतली. आवाज आला की भात चुलीवर चढवायचा. पोरगी येईस्तोवर तो होऊन जायचा.

गोंदियाच्या मैदानावरची चिखलातली शर्यत रवितानं जिंकली तेव्हा तिच्याशिवाय सगळे पुरुष होते. पुढे नागपूरला मातीच्या उंचवट्यांवरची मोठी शर्यत जिंकली, आणि पुण्याच्या एका संघानं तिला बोलावून घेतलं. बाकीच्या पोरापोरींची हाडं मोडायची, दात पडायचे. रविताच्या अंगावर साधा ओरखडा नसे. ही पडत कशी नाही, असं प्रशिक्षक हसत हसत विचारायचे. ती हेल्मेट चढवून पुन्हा गाडीवर बसायची.

आता ती घरी यायची ती रेल्वेनं, आणि स्टेशनापासून ऑटोनं. शर्यतीची गाडी पुण्यातच राहायची. तरी सकाळी फाटकाशी गाडी येऊन थांबल्याचा आवाज यायचा आणि संध्याकाळी पोरगी बॅग घेऊन ऑटोतून उतरायची. दुधरामनं एकदा तो आवाज नीट कान देऊन ऐकला आणि हातातला चहा खाली ठेवला.

"हे राजदूत नाई," तो म्हणाला.

राजदूत अंगणातच ताडपत्रीखाली उभी होती. पुण्याच्या गाडीचा आवाज त्या गावात कोणी कधी ऐकलेला नव्हता.

२०१३ च्या दिवाळीत रविता आली ती थायलंडला जायचं ठरवूनच. आशियातल्या मुलींची मोटोक्रॉस शर्यत होती. रुक्मा अंगणात तांदूळ पाखडत बसली होती. तिनं लेकीला समोर बसवलं आणि इतक्या वर्षांचं सगळं सांगून टाकलं.

रविता हसली नाही. "मले पन दिसते, माय."

"काय दिसते?"

"चाकोरी. ट्रॅकवर पानी मारलं असते, कोनी फिरलं नसते, तरी माह्या समोर एक ताजी चाकोरी राह्यते. मी तिच्यावरूनच चालवतो. म्हनून पडत नाई."

"कोनाची वं चाकोरी?"

"माह्याच टायरची."

सूप रुक्माच्या हातात तसंच राहिलं. "कवापासून?"

"बांधीत होतो तवापासून."

"तिच्या मागं जाऊ नोको, बाई."

"तिच्याबिगर मले गाडी चालवता येते का, हेच मले माहीत नाई," रविता म्हणाली आणि तांदळातले खडे वेचायला लागली.

थायलंडमध्ये शर्यतीच्या दिवशी पाऊस पडून गेला होता. रविता तिसऱ्या जागी होती. चाकोरी पुढे धावत होती, चिखलात स्वच्छ उमटलेली. उतारावर डावीकडचं वळण आलं. वळणाच्या पलीकडे दोरी, दोरीपलीकडे खोल सिमेंटचा नाला. चाकोरी वळली नाही. दोरीखालून सरळ निघून गेली.

आजवर तिनं त्या रेषेवर कधी शंका घेतली नव्हती. हातांनी हँडल सरळच धरलेलं होतं. मग तिला सुपावर थांबलेले आईचे हात दिसले, आणि तिनं ब्रेक दाबला. गाडी आडवी घसरली. तिनं पाय टेकला, कशीबशी वळली. मागच्या मुली सटासट पुढे गेल्या. त्यानंतर समोर फक्त चिखल होता, दहा जणींनी तुडवलेला. ती शिकाऊ पोरीसारखी चाचपडत चालवत राहिली आणि शेवटून दुसरी आली.

त्याच दुपारी गावात रुक्मा छपरीत धान पसरत होती. आवाज आला. फाटकाशी आला, पण थांबला नाही. घरावरून पुढे गेला, तलावाच्या पाळीकडे.

सुशिलाबाई बाहेर आली. "काऊन वं, थांबली काऊन नाई?"

रुक्मा अनवाणी धावत सुटली. ती पाळीवर चढली तेव्हा आवाज पलीकडे पाण्याकडे उतरत होता. मग तोंडावर हात दाबावा तसा बंद झाला. पाण्यावर साधा तरंग नव्हता. मासेमारी करणारा बिसराम ढिवर डोंग्यात जाळं तसंच हातात धरून काठाकडे पाहत होता.

"काही गेलं का, बिसरामभाऊ?"

"गेलं तं," तो म्हणाला. "दिसलं नाई."

काठच्या चिखलात एका चाकाची खोल, खाचांची रेषा होती. पाण्यात गेलेली. रुक्मा तिथंच बसली.

संध्याकाळी दुधराम मोबाईल घेऊन धावत आला. "रविताचा फोन हाय!" रुक्मा फोन घेईना. त्यानं तो तिच्या कानाला लावला.

"माय, मी हावो."

"कोन मी?"

"रविता."

"मंग हे कोन गेलं?"



रविता घरी आली त्या दिवशी आधी कुठलाच आवाज आला नाही. ती एकदम दारात उभी दिसली. रुक्मानं तोंडाकडे न पाहता आधी तिच्या पावलांकडे पाहिलं. पावलं सरळ होती. मगच ती उठली आणि लेकीला पोटाशी धरलं. घरात शिजलेलं काही नव्हतं.

पुढची दोन वर्षं वाईट गेली. रविताचं गळ्याजवळचं हाड मोडलं, मग मनगट. संघानं तिला काढलं. "तू पहिलेवाली नहीं रही," असं एका सोबत्यानं तोंडावर सांगितलं, आणि ते खरंच होतं. वळण कसं घ्यायचं, कुठं गाडी सोडायची, हे ती पंचविसाव्या वर्षी पहिल्यांदा शिकत होती. दुसऱ्या एका छोट्या संघाकडून ती पुन्हा परदेशी गेली आणि आठवी आली. त्या आठव्या नंबराचा फोटो तिनं स्वतः फ्रेम करून घेतला.

त्या हिवाळ्यात रुक्मा पहिल्यांदा शर्यत पाहायला नागपूरला गेली. दुधरामशेजारी पदर डोक्यावर घेऊन बसली. गाड्या सुटल्या आणि एकच कल्लोळ उठला. तिनं डोळे मिटून खूप कान दिला, पण त्यातला आपल्या पोरीचा आवाज कोणता, ते तिला ओळखू येईना.

"यातली आपली कोनती?" तिनं घाबरून विचारलं.

दुधरामनं बोट दाखवलं. "थे पाह्य ना, वळनावर. पडली थे. गाडी उचलून राहिली."